आकडे हलत नव्हते

सरांना कुणी वेळ विचारली की उत्तर यायला अर्धं मिनिट लागायचं. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची, एक चावीचं आणि एक सेलचं. आधी डावं बघायचे, मग उजवं, मग खिडकीतून समोरच्या भिंतीवर ऊन कुठवर आलंय ते. तिन्हींचं जमलं की सांगायचे, "सव्वाअकरा असावेत." "झालेत" असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मी बारावीसाठी लातूरच्या ज्या क्लासला आले, तिथं ते फिजिक्स शिकवायचे. भूकंपाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. भिंतींना गेलेले तडे सिमेंटनं बुजवलेले दिसायचे आणि त्याच भिंतींवर क्लासच्या जाहिराती रंगवलेल्या असायच्या. गल्लीगल्लीत पत्र्याचे शेड उभे राहिले होते आणि एकेका शेडात शंभर-शंभर पोरं बसायची. मी किनवटची. वडील जंगलात वनरक्षक. दहावीला तालुक्यात पहिली आले म्हणून त्यांनी मला एवढ्या लांब आणून सोडलं. क्लासच्या दारात सर भेटले. वडील म्हणाले, "जयभीम, सर."

"जयभीम. बसा." सरांनी माझ्याकडं पाहिलं. "पोरगी हुशार हाय म्हणता. कशावरून?"

"पहिली आली की तालुक्यात."

"ते पेपर तपासणारानं सांगितलं. तुम्ही स्वतः काय बघितलं?"

वडील गोंधळले. त्यांना वाटलं, प्रवेश नाकारायचा बहाणा असावा. थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "पाणवठ्यावरचे ठसे बघून सांगते, जनावर कवा येऊन गेलं. मी चुकतो कधीमधी. ती चुकत न्हाई."

"मग ठेवून जा," सर म्हणाले.

पोरं त्यांना पाठीमागं "कशावरून" म्हणायची. लाइट गेली म्हटलं तरी ते विचारायचे, कशावरून? दिवा गेला असेल, फ्यूज गेला असेल, बटण कुणी बंद केलं असेल. नव्या खोलीत शिरले की आधी दुसरं दार शोधायचे. ताप आला तर दोन थर्मामीटर लावायचे आणि तिसऱ्यांदा अक्काचा हात कपाळावर ठेवून घ्यायचे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडं राहायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण सरांच्या घरात तिचा शब्द शेवटचा असायचा.

हसायचो आम्ही. पण त्या हसण्याखाली थोडी भीती असायची, कारण सरांना स्वतःला कशाची तरी भीती आहे हे वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत कळायचं. आम्हाला एवढंच माहीत होतं की ते आधी कुठल्याशा अणुवीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. आई त्यात गेली. त्यानंतर महिन्याभरात ते नोकरी सोडून लातूरला आले ते कायमचे. लोक म्हणायचे, आईच्या दुःखानं आले. त्यापुढं कुणी विचारत नव्हतं. लातुरात तेव्हा कुणीच कुणाला विचारत नव्हतं.

एकदा चाचणी परीक्षा होती. पेपर सुरू व्हायच्या आधी सरांनी सगळ्यांची घड्याळं टेबलावर जमा करून घेतली. भिंतीवर मोठं घड्याळ होतंच. अकरा ते एक असा पेपर. मी लिहीत होते, वेळेचं बरोबर बसत होतं. तेवढ्यात क्लासच्या मागच्या मशिदीत दुपारची अजान झाली. ती रोज एकच्या सुमाराला व्हायची. मी मान वर केली. भिंतीवर एकला वीस मिनिटं कमी होती. आजूबाजूला पाहिलं, सगळे खाली मान घालून लिहीत होते. मीही मान खाली घातली. पुढच्या मिनिटाला सरांनी टेबलावर डस्टर आपटलं. "वेळ संपली. पेपर द्या."

वर्गात गलका झाला. अर्ध्याअधिक पोरांचे दोन-दोन प्रश्न राहिले होते. भिंतीवरचं घड्याळ सरांनीच सकाळी येऊन वीस मिनिटं मागं केलं होतं; आम्ही अकरा समजून लिहायला लागलो तेव्हा खरे अकरा-वीस झाले होते. एक-दोन पोरी रडायला लागल्या.

"कुणाला संशय आला होता?" सरांनी विचारलं.

बऱ्याच वेळानं मी हात वर केला. "मला, सर. अजान झाली तेव्हा."

"मग?"

"वाटलं, आज अजानच लवकर झाली असंल."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते माझ्या बाकापाशी आले. त्यांचा आवाज इतका खाली गेला की शेजारणीलाही नीट ऐकू आलं नसेल. "ज्यांना कळालंच न्हाई त्यांना मी काही म्हणत नाही. तुला कळालं होतं. चौघं गप आहेत म्हणून तू गप बसलीस. मला तुझ्यासारख्यांचंच लई भ्या वाटतं."

मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. दोन दिवस मी क्लासला गेले नाही. तिसऱ्या दिवशी अक्का खोलीवर आली, डब्यात धपाटे घेऊन. म्हणाली, "त्याचं मनावर घेऊ नगं. तो दुसऱ्याला बोलत नसतोय." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

त्याच हिवाळ्यात एक हलका धक्का बसला. असे धक्के अधूनमधून यायचेच. बाकं सरकली, पत्रे खडखडले, सगळे बाहेर पळालो. पाच मिनिटांनी शेजारचे क्लास पुन्हा भरले. आमच्या सरांनी मात्र कुणाला आत जाऊ दिलं नाही. दोन्ही हात आडवे पसरून दारात उभे. तोंड राखेसारखं पडलेलं. तास गेला, दुसरा गेला. शेवटी क्लासचे मालक आले. "सर, आता चला. कलेक्टर ऑफिसातून फोन आलाय, काही धोका नाही म्हणून."

"फोन आलाय," सर म्हणाले. मग आमच्याकडं वळून पुन्हा म्हणाले, "फोन आलाय." त्या दिवशी क्लास झाला नाही. आम्ही उन्हात उभं राहून घरी गेलो आणि मला पक्कं कळलं की हा माणूस विक्षिप्त नाही, हा माणूस घाबरलेला आहे.

पुढं मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि निवड होऊन एका अणुवीज केंद्रात लागले. पेढे घेऊन गेले तेव्हा सरांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. कंट्रोल रूम म्हटल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"आता सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर असंल तुमच्याकडं."

"हो, बहुतेक."

"पडद्यावरचा आकडा म्हणजे कुणीतरी सांगितलेली गोष्ट. सांगणारा चुकतो. सांगणाऱ्याला कुणी फितवतो बी. मीटरचा काटा आणि पडदा यांचं भांडण लागलं तर तिसऱ्याला विचारायचं, जो जागेवर जाऊन डोळ्यानं बघून येईल त्याला. पण तिसरा यायची वाट बघत बसायचं न्हाई. आधी जे सुरक्षित ते करायचं." मग म्हणाले, "आणि भीती वाटली तर वाटू दे. ज्याला वाटत न्हाई त्याच्या शिफ्टला जाऊ नको."

ते मी ऐकलं आणि विसरले. नोकरीत वर्षं गेली. आमची कंट्रोल रूम जुनी होती. समोर काट्यांच्या मीटरची लांबच लांब रांग, प्रत्येक मीटर आपापल्या तारेनं थेट यंत्राला जोडलेला. आणि टेबलावर नंतर बसवलेले संगणकाचे पडदे. रोजचं काम सगळं पडद्यांवर व्हायचं. काट्यांवरची धूळ आम्ही पाहणीच्या आदल्या दिवशी पुसायचो.

त्या दिवशी मी दुपारच्या शिफ्टला होते. जेवणं होऊन गेलेली. शिफ्टचे प्रमुख फोनवर बोलत होते. मी पडद्यावर वाफेच्या पिंपातली पाण्याची पातळी बघत होते. अणुभट्टीची उष्णता या पिंपातल्या पाण्यात जाते आणि त्याची वाफ होते. पाणी कमी पडलं तर उष्णतेला जायला वाट उरत नाही. म्हणून त्या आकड्यावर नजर ठेवायची असते. आकडा अगदी बरोबर होता, जिथं असायला हवा तिथंच.

फक्त तो हलत नव्हता.

पाणी उकळत असतं, पंप चालू असतात, त्यामुळं दशांशातला शेवटचा आकडा सतत फडफडत असतो. इतका की आपलं लक्षच जात नाही. मी शेजारचा आकडा पाहिला. दाब. तोही स्थिर. तापमान, प्रवाह, सगळे फोटो काढून चिकटवल्यासारखे. मी मान वळवून भिंतीवरच्या काट्यांकडं पाहिलं. पातळीचे तीन काटे होते. तिन्ही सावकाश खाली येत होते.

मी प्रमुखांना हाक मारली. ते आले, पडदा पाहिला, काटे पाहिले. "मीटर अडकला असेल. जुने आहेत."

"एक अडकेल, सर. तिन्ही एकदम कसे अडकतील? आणि अडकलेला काटा खाली येत नाही."

"पडद्यावर अलार्म कुठंय?"

अलार्म नव्हता. पडद्यावर सगळं हिरवं होतं. मी पिंपात पाणी सोडणारी झडप पडद्यावरून उघडायचा हुकूम दिला. पडद्यानं लगेच सांगितलं, उघडली. काटे खाली येतच राहिले. मी तारेच्या फोनवरून खाली असलेल्या ऑपरेटरला सांगितलं, पिंपाजवळच्या पट्टीवर पातळी डोळ्यानं बघून सांगा. तो म्हणाला, पोचायला वेळ लागेल.

त्या वेळात मी काय केलं? खरं सांगायचं तर काही नाही. पडदा बघितला, काटे बघितले, प्रमुखांचं तोंड बघितलं. ते माझं तोंड बघत होते. यंत्र बिघडलं तर माणसाला काय करायचं ते कळतं. त्याची पुस्तकं असतात. पण यंत्र आपल्याशी ठरवून खोटं बोलतंय, कुणीतरी कुठंतरी बसून आपल्याला कालचं चित्र दाखवतंय आणि त्या चित्रामागं हात घालून काहीतरी करतंय, हे मनात आलं की खोलीतल्या प्रत्येक दिव्याची भीती वाटायला लागते. भट्टी आपोआप बंद करणारी सोय वेगळी होती, त्या संगणकांना ती जोडलेलीच नव्हती. हे मला पाठ होतं. तरी त्या क्षणी वाटलं, कशावरून?

"मी बंद करते," मी म्हणाले.

"थांब. खोटं निघालं तर उत्तर कोण देणार?"

"मी देईन. चुकून बंद केली तर माफी मागता येईल."

प्रमुखांनी पुन्हा एकदा काट्यांकडं पाहिलं आणि मान हलवली. मी बटण दाबलं. भट्टी विझवणाऱ्या कांड्या खाली पडल्याचे दिवे भिंतीवर एकेक करून लागले. शक्तीचा काटा कोसळला. आणि आमच्या समोर, टेबलावरच्या पडद्यावर, भट्टी पूर्ण ताकदीनं चालू होती. सगळं हिरवं. सगळं स्थिर.

आमच्यातला एक जण खुर्चीवरून उठून भिंतीला टेकला. प्रमुखांनी स्वतःच्या हातानं पडदे एकेक करून बंद केले. म्हणाले, "आता फक्त काटे. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं परत वाचायचं, तिसऱ्यानं कागदावर लिहायचं." विझलेली भट्टीसुद्धा तापलेली राहते, तिला पाणी द्यावंच लागतं. भिंतीवरच्या बटणांनी आम्ही राखीव पंप लावला. तेवढ्यात खालून फोन आला. तो ऑपरेटर धापा टाकत होता. पट्टीवरचा त्याचा आकडा आणि भिंतीवरच्या काट्याचा आकडा एकच होता. मग काटे वर यायला लागले. संगणकांच्या तारा तोडायला माणसं आली. आम्ही संध्याकाळपर्यंत मोठ्यानं आकडे वाचत राहिलो, शाळेत पाढे म्हणतात तसे. शाई संपली तेव्हा पेन्सिलीनं लिहिलं.

चौकशी झाली. कुणीतरी बाहेरून आत शिरलं होतं, दुरुस्तीसाठी आलेल्या एका लॅपटॉपच्या वाटेनं, एवढं आम्हाला कळलं. कोण, ते कळलं नाही. कुणाला इजा झाली नाही, बाहेर काही गेलं नाही. मला शाबासकी मिळाली. आणि घरी गॅस बंद आहे की नाही ते मी तीन-तीनदा बघायला लागले. मुलीचा ताप उतरला असं थर्मामीटरनं सांगितलं तरी मला पटायचं नाही. एके दिवशी मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, आई, मी आले. मी तिला विचारलं, कशावरून? ती हसली. मी रजा टाकली आणि लातूरला गेले.

सर थकले होते. घड्याळं होती, पण मनगट बारीक झाल्यानं कोपराकडं सरकलेली. आम्ही अंगणात बसलो. अक्का आत भाजी निवडत होती. नाव, जागा, दिवस यातलं काही न सांगता जेवढं सांगता येत होतं तेवढं मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "आकडे हलत न्हाईत हे बघितल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला?"

"चार मिनिटं असावीत."

"त्या चार मिनिटांत काय करत होतीस?"

"दुसऱ्या कुणीतरी सांगावं म्हणून वाट बघत होते."

सरांनी चावीचं घड्याळ मनगटावर खाली ओढलं. मग म्हणाले, "तुला चार मिनिटं मिळाली. मला वर्ष मिळालं होतं."

आणि त्यांनी सांगितलं. मोठ्या भूकंपाच्या आधी वर्षभर गावाला बारके धक्के बसत होते. जमिनीतून गुरगुर ऐकू यायची. लोक घराबाहेर झोपायचे. आई अंगणात बाज टाकायची. तिनं कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं होतं, बाबा, तू शिकलेला हायस, जमीन बोलाय लागलीय, आम्ही काय करावं?

"मी विचारपूस केली. कागद वाचले. कागदावर काही नव्हतं," सर म्हणाले. "कंट्रोल रूममध्ये बसणारा माणूस मी. मीटरवर दिसत न्हाई ते मला खरं वाटत नव्हतं. मी तिला लिहिलं, काही धोका न्हाई, लोकांचं ऐकू नको, बाहेर विंचूकाटा असतो, आत झोपत जा. पत्र टाकलं आणि थोड्याच दिवसांत ते झालं. आई आत झोपली होती. दगडी घर होतं." त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट दाबले. "तिनं कानानं ऐकलं होतं. मी तिला खोटं ठरवलं. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. अक्काला बी न्हाई."

आत भाजी निवडणं थांबलं होतं. अक्का उंबऱ्यात उभी होती.

"कोणतं पत्तर?" ती म्हणाली.

सरांनी मान वर केली नाही.

"निळं?" अक्कानं विचारलं. मग ती आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. तिनं गाठ सोडली. आत एक आंतरदेशीय पत्र होतं, कडा पिवळ्या पडलेलं.

"भूकंपामागं शेडात राहत हुतो तवा पोस्टमन घिऊन आला हुता. आईचा दहावा झालता. म्हनला, म्हातारीच्या नावाचं हाय, पोरानं धाडलंय. तिच्या नावाचं मी कशाला फोडू? मला वाचाया बी येत न्हाई. तुला दावलं असतं तर तू रडला असतास, म्हनून ठिवलं."

सरांनी पत्र हातात घेतलं. पत्त्यावरचं अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, तिन्ही कडांवरून अंगठा फिरवला. डिंक कुठंही सुटला नव्हता. अक्का खाली बसली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना तो कळला की नाही मला माहीत नाही. त्यांनी पत्र माझ्याकडं दिलं.

"मागं आपल्या पोस्टाचा शिक्का असंल. पोचल्याचा. तारीख वाच."

शिक्का पुसट होता. मी पत्र उन्हात धरलं आणि तारीख वाचली. भूकंप होऊन गेल्यानंतरची होती.

"परत वाच," सर म्हणाले.

मी परत वाचली.